भिंतीला वळसा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली, ती या वेळी लॅपटॉप घेऊन. पुण्याच्या ऑफिसने दीड महिना घरून काम करायची मुभा दिली होती. सासूबाईंनी खापर धुवून ठेवलं होतं, निंबाला झोका बांधून झाला होता. पुरणपोळी आणि आमरसात दोन दिवस कुठे गेले कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मागच्या खोलीत टेबल लावलं आणि अर्ध्या तासात लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून अंगणात आली.

"आई, माझा आवाज तुटक तुटक जातोय. मॅनेजर विचारतोय, विहिरीत उतरलीस का म्हणून."

अंगणातून जिन्यावर, जिन्यावरून गच्चीवर. गच्चीवर बिबडे वाळत होते. त्यांच्यामधून वाट काढत, डोक्यावर ओढणी घेऊन ही उन्हात उभी राहून मीटिंग करते आहे. सासूबाईंनी खालून हाक मारली, "पोरगी उनमा काय करी ऱ्हायनी वं?"

आमचं घर अमळनेरच्या जुन्या भागात. रुंदीला पंधरा फूट आणि लांबीला न संपणारं. रस्त्याकडून ओटा, मग हॉल, मधलं घर, स्वयंपाकघर, मोरी, उघडं अंगण, आणि अंगणापलीकडे ती मागची खोली. ओटा आणि हॉल आम्ही पाडून विटा-सिमेंटचे केले, वर स्लॅब टाकला. बाकीचं घर अजून धाब्याचं: मातीच्या दोन फुटी भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढरी माती. बाहेर ४४ अंश असताना मागच्या खोलीत नुसत्या पंख्यावर झोप लागते. हॉलमध्ये कूलर लावूनही जीव उकडतो. त्यात हॉलमध्ये सासूबाईंची बैठक, शेजारणींची ये-जा, टीव्ही. लेकीला मागचीच खोली हवी होती आणि ते बरोबरच होतं.

नेटची काचेची वायर, म्हणजे फायबर, मात्र रस्त्यावरच्या खांबावरून येते, म्हणून राऊटरचा डबा हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. मोबाइलचं नेट वापर म्हणावं, तर धाब्याच्या खोलीत मोबाइलचीही एकच काडी येते, तीही दाराशी उभं राहिलं तर.

पहिली चूक यांनी केली. कंपनीला फोन लावून ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला. एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप. महिन्याचे पैसे वाढले. हॉलमध्ये मोजलं तर खरंच ९६ आले, मागच्या खोलीत आधी सव्वा येत होते ते सव्वाच राहिले. टाकी मोठी केली म्हणून चिंधी कोंबलेल्या नळाला पाणी जास्त येत नाही, एवढं आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुसरी चूकही यांचीच, पण ती मला आवडते. राऊटरला दोन काड्या आहेत, अँटेना. यांनी त्या दोन्ही आडव्या करून त्यांची टोकं बरोबर मागच्या खोलीच्या दिशेने रोखली, बंदुकीसारखी. नेम धरून सोडला की सिग्नल जाईल! नंतर कळलं की काडीच्या टोकाच्या दिशेनेच सिग्नल सगळ्यात कमी निघतो. तो काडीभोवती मेदूवड्यासारखा पसरतो, काडी त्या वड्याच्या भोकात. काडी उभी ठेवली तर आडवा दूरवर जातो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागातलं नेटचं काम बघतो तो मुलगा चौथीत माझ्या वर्गात होता. त्याला फोन केला, तर म्हणाला, "बाई, मी संध्याकाळी येतो. तोवर मोजून ठेवा. काड्या नका मोजू, आकडा मोजा."

लेकीने मोबाइलवर वायफाय मोजण्याचं एक ॲप घेतलं. त्यात आकडे उणे येतात, डीबीएम नावाच्या मापात. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत मीटिंग नीट चालते, उणे ८० च्या पुढे नुसतं नाव दिसतं. गंमत अशी की हे माप सरळ चालीचं नाही. आकडा दहाने घसरला की शक्ती दहावा हिस्सा उरते, वीसने घसरला की शंभरावा. आयुष्यभर पोरांना उणे संख्या शिकवल्या, पण मागच्या खोलीचा उणे ८४ बघेपर्यंत त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घराचा नकाशा काढला आणि दोघी मायलेकी मोबाइल घेऊन पावलोपावली फिरलो. हॉलमध्ये उणे ३८. मधल्या घराच्या दारात ५२. स्वयंपाकघरात ओट्यापाशी ६६. मोरीजवळ ७५. मागच्या खोलीत टेबलावर ८४. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग लेक सहज अंगणाच्या कोपऱ्यात गेली, जिथे घराच्या बाजूचा बोळ येऊन मिळतो, आणि तिथून ओरडली, "आई, इथे ६९!" मोरीपेक्षा अंगणाचा तो कोपरा लांब, तरी सिग्नल जास्त. म्हणजे तो भिंतीतून येतच नव्हता. हॉलच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडून बोळातून, बाहेरच्या बाहेर, वळसा घालून येत होता. जसा आमचा दूधवाला येतो.

त्या एका आकड्याने आम्हाला पुढचं उत्तर सांगून टाकलं होतं. आम्हाला ते ऐकायला अजून दहा दिवस लागले.

संध्याकाळी माझा विद्यार्थी आला. कॅलेंडर बघून खूश झाला. त्याने भिंतीला हात लावून बघितला, मोरीमागची भिंत खालून ओलसर होती. "कोरडी माती त्यातल्या त्यात बरी, बाई. ओल आली की पाणीच सिग्नल पिऊन टाकतं." मग मधल्या घरात जाऊन लोखंडी कपाटावर टिचकी मारली. राऊटर आणि मागची खोली यांच्यामध्ये बरोबर रेषेत ते कपाट, त्याला पूर्ण उंचीचा आरसा. आणि हॉलच्या आतल्या खिडकीत कूलर, पत्र्याच्या अंगाचा, पोटात पाण्याने भरलेला. लोखंड सिग्नल परतवतं, पाणी गिळतं. म्हणजे आम्ही दोन फुटी भिंतीपुढे आणखी दोन पहारेकरी बसवले होते.

कपाट तीन फूट सरकवलं. कूलर बोळाकडच्या खिडकीत नेला. राऊटर टीव्हीमागून काढून मधल्या दाराच्या चौकटीवर लावला, काड्या उभ्या. त्यासाठी काचेची वायर लांबवावी लागली. ती कोपऱ्यात काटकोनात दुमडायची नाही, गोल वळण द्यायचं, नाहीतर आतला उजेड बाहेर गळतो, असं त्याने बजावलं. या सगळ्याने टेबलावरचा आकडा ८४ वरून ७४ वर आला. एक पैसाही न घालता दसपट शक्ती. पण ६७ अजून लांबच.

मग त्याने राऊटरचं आतलं पान, म्हणजे सेटिंग्जचं, उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, पासवर्ड डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो. आमच्या गल्लीत चौदा वायफाय दिसत होते आणि त्यातले बरेचसे सहा नंबरच्या चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमचा एकवर टाकला. रात्रीचं अडखळणं थोडं कमी झालं. ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा रिकामा होता, वेगवानही, पण त्याची लहर जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची आणि मातीत तिचा टिकाव आणखी कमी. स्वयंपाकघराच्या दारातच ती संपत होती. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून ती निदान धापा टाकत मागेपर्यंत पोचते.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण यांना जळगावला काम निघालं आणि येताना रिपीटर घेऊन आले. भिंतीतल्या सॉकेटात थेट खोचायचा छोटा डबा, चौदाशे रुपये. दुकानदाराने सांगितलं होतं, "जिथे रेंज नाही तिथे लावा." आम्ही मागच्या खोलीत लावला. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या काड्या भरल्या! टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. आणि मीटिंग सुरू होताच पुन्हा विहीर.

रिपीटर काही नवीन नेट तयार करत नाही. जे ऐकू येतं तेच पुन्हा मोठ्याने म्हणतो. आम्ही त्याला अशा जागी बसवलं होतं जिथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला मॉनिटर केलं आणि सांगितलं, बाईंचं बोलणं मागच्यांना सांग, तर तो काय सांगणार? तो ठणठणीत आवाजात चुकीचंच सांगणार. काड्या त्या ठणठणीत आवाजाच्या होत्या.

मग तो स्वयंपाकघरात आणला, जिथे ६६ च्या आसपास मिळत होते. आता वेग आला, चौदा-पंधरा एमबीपीएस. पण त्यातही गोम होती. आमचा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो. मी एक वाक्य बोलायचं, थांबायचं, मॉनिटरने ते म्हणायचं, मग माझं दुसरं वाक्य. निम्मा वेळ यातच जातो. एरवी चाललं असतं, पण मीटिंगमध्ये चार जणांचे चेहरे एकदम दिसायला लागले की चित्र गोठायचं. शिवाय तो खोचला होता मिक्सरच्या बोर्डात. सासूबाईंना चटणी वाटायची असली की त्या तो उपटून बाजूला ठेवायच्या. "हाऊ डबा काय कामना शे?" हा प्रश्न त्यांनी आठवड्यात पाच वेळा विचारला आणि पाचही वेळा आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सखाराम महाराजांची यात्रा भरली तोवर आम्ही याच अवस्थेत होतो. बोरीच्या पात्रात पाळणे लागलेले, घरात पाहुणे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येकाला पासवर्ड हवा. एका दुपारी लेक रडकुंडीला आली. म्हणाली, "मी जाते पुण्याला परत."

माझ्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावलं. त्याने काही हजारांच्या मेशबद्दलही सांगितलं, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांची जोडी, पण लगेच म्हणाला, "ते दोन डबेही हवेतूनच बोलणार, बाई. त्यांनाही मध्ये हीच भिंत. वायर टाका. वायर भिंतीला विचारत नाही."

वायर टाकायची तर सगळ्यात जवळचा रस्ता घरातून, म्हणजे दोन फुटी भिंतींना दोन भोकं. यांनी ड्रिल मशीन आणायची भाषा काढली आणि सासूबाई खाटेवरून उठून उभ्या राहिल्या. "भितले हात लावानं काम नही." भिंती माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतः उभं राहून घातल्या. त्यांनी नदीकाठची माती आणून तुडवली होती, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. भावना बाजूला ठेवली तरी त्यांचं म्हणणं खरं होतं. जुन्या मातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की भोक एक इंचाचं न राहता ढेकूळभर होतं, आणि पावसाळ्यात तिथून पोपडा धरतो.

तेव्हा लेकीने कॅलेंडर पुढे केलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या ६९ वर बोट ठेवलं. "सिग्नल बोळातून येतोय ना? मग वायरही बोळातून नेऊ."

हॉलच्या खिडकीच्या लाकडी चौकटीला एक बारीक भोक, तिथून बोळात, बोळातून अंगण, आणि मागच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीतून आत. माती कुठेही उकरायची नाही. दोरीने मोजलं तर एकतीस मीटर भरलं. अशी लॅनची वायर, म्हणजे घरातल्या घरात नेट नेणारी तांब्याची वायर, शंभर मीटरपर्यंत चालते, तेव्हा प्रश्नच नव्हता. चाळीस मीटर आणायची ठरली.

बाजारात पहिल्या दुकानात वायर निम्म्या भावात मिळाली आणि हातात घेतल्यावर हलकी लागली. माझ्या विद्यार्थ्याने खिशातून ब्लेड काढून आतली एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. "ही दोन वर्षांत टोकाशी तुटते, बाई, आणि लांब अंतरावर जोरही धरत नाही." दुसऱ्या दुकानात खरवडली तर आतपर्यंत लालच. ती घेतली. सोबत पाऊण इंची पीव्हीसी पाइप, कारण आमच्याकडचं ऊन उघड्या वायरीचं आवरण एक-दोन उन्हाळ्यांत भाजून काढतं. रिपीटर सोडून सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला.

पाइप बांधायला भिंतीत खिळे ठोकता येईनात, माती धरत नाही. पण धाब्याच्या लाकडांची टोकं बोळात बाहेर डोकावतात. त्यांनाच तारेने पाइप आवळला. विजेच्या वायरीपासून हातभर लांब ठेवला. मागच्या खिडकीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरंगळत आत येण्याऐवजी तिथेच ठिबकून जातं. चौकटीचं भोक वायरीच्या जाडीएवढंच पाडलं, म्हणून टोकाच्या पिना, डब्यात खोचायच्या प्लास्टिकच्या, आधी लावून चालणार नव्हत्या. वायर आत आली आणि मग दोन्ही टोकांना पिना बसवायच्या.

एक टोक त्याने बसवलं. दुसरं मी मागितलं. सदतीस वर्षं फळ्यावर अक्षर काढलं आहे, आठ तारा ओळीत लावणं काय जड आहे?

वरचं निळं आवरण दोन बोटं सोललं. आत चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीची सोबतीण तिच्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. पीळ उकलले, तारा बोटांनी ओढून सरळ केल्या, शेवया ताठ करतात तशा. मी जोडीला जोडी लावत गेले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, निळी, पांढरी-निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कात्रीने टोकं एका रेषेत कापली, पिनेत सारली, पकडीत घालून दाबलं. करकर आवाज आला. समाधान वाटलं.

टेस्टर लावला. त्यात एक ते आठ दिवे ओळीने पेटायला हवेत. एक, दोन, तीन पेटले, मग उडी मारून सहा, मग मागे येऊन चार, पाच, मग सात, आठ.

"बाई, हिरवी जोडी फोडायची असते." त्याच्या चेहऱ्यावर मला चौथीतली माझीच छबी दिसली, फळ्यासमोर चुकलेल्या मुलाकडे बघणारी. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये, हिरवी तिच्या दोन्ही अंगांना. मी म्हटलं, दोन्ही टोकं माझ्यासारखी केली असती तर दिवे सरळ पेटले असते की. तो म्हणाला, "पेटले असते. तेच वाईट. दिवे बरोबर आणि नेट रडकं." तीन आणि सहा या नंबरच्या तारा मिळून एक काम करतात, म्हणून त्यांचा पीळ एकच हवा. पीळ वेगवेगळ्या जोड्यांचा झाला की एका जोडीतलं बोलणं दुसरीत झिरपतं, आणि साधा टेस्टर तारा जोडलेल्या आहेत एवढंच बघतो, पीळ बघत नाही. पिन एकदा दाबली की निघत नाही. ती कापून टाकली. दुसरी बरोबर बसली. चष्मा पुसून दोनदा क्रम म्हणून घेतला होता.

आता पलीकडच्या टोकाला काय लावायचं? माळ्यावर मागच्या कनेक्शनचा जुना राऊटर पडलेला होता. तोच मागच्या खोलीत ठेवला, वायर खोचली, चालू केला. आणि अख्ख्या घराचं नेट गेलं. मोबाइल बंद, टीव्ही बंद, सासूबाईंचं मोबाइलवरचं कीर्तन मधेच थांबलं. दोन्ही राऊटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते आणि दोन्ही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत सुटले होते. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमनचं जे होईल ते झालं.

वायर काढली. जुन्या राऊटरला एकट्यालाच लॅपटॉप जोडून त्याचं पान उघडलं. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं, ते फक्त पुढच्याने करायचं. वायफायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवला, चॅनल मात्र ११ दिला, म्हणजे दोघे एकमेकांवर बोलणार नाहीत. आणि वायर त्याच्या इंटरनेट लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात न खोचता बाकीच्या चारांपैकी एकात खोचली. इतकं केल्यावर तो राऊटर राहिला नाही, नुसता वायफाय देणारा डबा झाला.

टेबलावर मोजलं. उणे ४१. वेग वायफायवर पंचेचाळीसच्या आसपास. लॅपटॉपला थेट वायर लावून बघितलं, ९४. त्या जुन्या डब्याची भोकं १०० एमबीपीएसची आहेत, त्यातून ९४-९५ च्या वर काही येत नाही, आणि आमचा प्लॅनही तेवढाच. लेकीने मीटिंग वायरीवरच करायची ठरवलं, मोबाइल वायफायवर. त्या दिवशी ती दारं लावून चार तास बोलत होती आणि बाहेर आली तेव्हा तिला जेवायचंही भान नव्हतं.

एक कुरबुर राहिली. माझा मोबाइल घेऊन मी हॉलमधून मागे गेले की तो पुढच्याच राऊटरला धरून बसायचा. शेजारी उणे ४१ उभा आहे, आणि हा ७४ चा पदर सोडत नाही. कुठल्या डब्याला चिकटायचं हे मोबाइलच ठरवतो, राऊटर नाही. पुढच्याची शक्ती आतल्या पानात जाऊन मध्यम केली, तेव्हा स्वयंपाकघराच्या पुढे गेलं की तो आपोआप बदलू लागला. यांचा मोबाइल अजूनही कधी कधी हट्ट करतो. मग वायफाय बंद करून चालू करायचं.

वीज गेली की दोन्ही डबे जायचे, म्हणून दोघांना छोटे यूपीएस घेतले. जुन्याला ९ व्होल्ट लागतात आणि नव्याला १२, हे ॲडॅप्टरवर वाचून मगच घेतले. रिपीटर एका मैत्रिणीला दिला. तिच्या घरी भिंती विटांच्या आहेत, तिथे तो छान चालतो म्हणे.

वायर टाकून झाली त्या दिवशी माझा विद्यार्थी निघताना सासूबाईंपाशी थांबला होता. बोळातून उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर, वीज जवळ कुठे कडाडली तर तिच्यातून झटका येऊन दोन्ही डबे जळू शकतात. काचेच्या वायरीतून वीज जात नाही, हिच्यातून जाते. पाइपनेही ते थांबत नाही. त्याने त्यांना हॉलमधल्या डब्याची पिन दाखवली, तिच्या पाठीवरची इवलीशी जीभ दाबली की ती टक आवाज करून सुटते ते दाखवलं, त्यांच्या बोटांनी दोनदा करून घेतलं. "आजी, आभाळ गरजलं की ही काढायची. तिकडची ताई काढेल."

रोहिण्या लागल्यावर एका संध्याकाळी पश्चिमेकडून धूळ उठली. निंबाची पानं उलटी दिसायला लागली. मी गच्चीवरचे कपडे काढायला धावले आणि खाली आले तेव्हा पहिला गडगडाट होऊन गेला होता. लेक मागून धावत आली, "आई, नेट गेलं! माझं बोलणं चालू होतं!"

सासूबाई मधल्या दाराखाली स्टुलावर चढून उतरल्या होत्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. हातात निळ्या वायरीचं टोक.

"ईज पडी वं. तू बी काढ तुन्ही."

लेकीने मोबाइलवरून दोन ओळी ऑफिसला कळवल्या आणि मागची पिन काढून आली. पाऊस पाऊण तास पडला. तेवढा वेळ सासूबाई हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या, वायरीचं टोक मांडीवर, त्यावर हात ठेवून, कुणी येऊन लावेल म्हणून. शेजारीण विचारून गेली, हे काय धरून बसलात, तर म्हणाल्या, नेट शे.

पागोळ्या थांबल्या. त्यांनी आभाळाकडे दोनदा बघितलं, स्टुलावर चढू का असं मला नजरेनेच विचारलं. मी स्टूल धरलं. टक.

"देख बरं," त्या मागे ओरडल्या, "ऊनं का?"